पेवातला म्हातारा

"हे चित्र चुकलंय," मी म्हणालो. "आणि का चुकलंय ते सांगितलं, तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. पैज लावतो."

दिनकर न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. दिनकर जतकडचा. दोन वर्षांपूर्वी गावात आला आणि पद्माच्या चहाच्या टपरीला लागून खुर्ची-आरसा मांडून बसला. त्या दिवशी त्यानं मिरजेच्या बाजारातून नवं कापड आणलं होतं, गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचं. लालभडक, चकचकीत, आणि त्यावर सोनेरी रंगात एक मोठा ड्रॅगन, तोंडातून जाळ काढणारा. तो ड्रॅगन सध्या एका डंपरवाल्याच्या छातीवर पसरला होता. डंपरवाल्याच्या एका गालावर साबण, दुसरा गाल साफ.

"चुकलंय म्हंजे?" दिनकर म्हणाला. "ड्रॅगन हाय तो, तात्या. मोबाइलमधी असाच असतोय. तोंडातनं जाळ काढतोय."

"तिथंच चुकलंय. तो जाळ बाहेर काढत नाही, आत ओढतो. फू करत नाही, सूं करतो. दिवा दिसला की सूं. गेला दिवा."

"तुम्ही बघितलासा?"

"तुझा वस्तरा या पाहुण्याच्या नाकापासून जेवढा लांब आहे ना, तेवढ्या अंतरावरून."

पाहुण्यानं डोळे तिरके करून वस्तऱ्याकडं पाहिलं. बिचाऱ्याला मान हलवायची सोय नव्हती.

टपरीत पद्मा चहा उकळत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. माझ्या थापा ऐकून तिचे कान किटलेत असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पण मी दोन दिवस फिरकलो नाही तर तिसऱ्या दिवशी डबा घेऊन दारात उभी असते. जन्मल्यापासून माझ्यासमोर वाढलेली बाई. मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट तिनं ऐकली आहे. ही सोडून.

"पुरावा काय?" दिनकर म्हणाला.

मी दोन्ही तळवे पुढं केले.

माझ्या तळव्यांवर रेषा नाहीत. आयुष्याची नाही, धनाची नाही, एकही नाही. ताटलीच्या बुडासारखी चकचकीत कातडी आहे, मधूनमधून गुठळ्या. सांगलीच्या जत्रेत एका ज्योतिष्यानं माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि पोपटाचा पिंजरा उचलून चालता झाला. पोपटसुद्धा बोलला नाही.

"हे त्याच्या खवल्यांनी सोललेत," मी म्हणालो. "शेपटी धरली होती मी त्याची."

"तात्या, कायबी सांगू नका."

"मग ऐकू नकोस. पाहुण्यांना सांगतो. पाहुणे, तुम्ही आज दुपारी तिकडं मळ्याच्या कडेला जो खड्डा बुजवणार आहात ना, त्याच्या तळाशी भेटला होता तो मला."

डंपरवाल्यानं डोळे रस्त्याकडं वळवले. त्याचा डंपर मुरूम भरून रस्त्याच्या कडेला उभा होता. तिथून नवा रस्ता जायचा होता, आणि मधे ते आडवं येत होतं. गावातलं शेवटचं पेव.

पेव म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून आधी ते सांगावं लागलं. जमिनीत पुरलेला एक अजस्र रांजण समजा. तोंड एवढंसं, खांदे आवळून एक माणूस उतरेल इतकंच. खाली पोट मात्र असं की बैलगाडी वळवून घ्यावी. आमच्याकडच्या मातीतून पाणी आत झिरपत नाही, म्हणून हे जमायचं. आतून पाचट आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. वर्षं गेली तरी हळदीला कीड नाही. का नाही? कारण आत श्वास घ्यायला काही नसतं. किड्याला नाही आणि माणसालाही नाही.

म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आधी दोरीनं पेटता कंदील सोडायचा. याला आमच्यात 'म्हाताऱ्याला दिवा दाखवणं' म्हणायचे. कंदील तळाला टेकून जळत राहिला तर म्हातारा झोपलाय, उतरा खुशाल. विझला तर म्हातारा जागा आहे. फरशी बाजूला सारा, पेव उघडं टाका, घरी जाऊन भाकरी खा, उद्या या. गॅस वगैरे शब्द तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. आणि त्याचं खरं नाव तर कुणीच घेत नसे. म्हातारा म्हणायचं, बास.

"म्हंजे यमच की," दिनकर म्हणाला.

"यम वेगळा. यम रेड्यावरून येतो. आता तूच सांग, पेवाच्या तोंडातून रेडा उतरेल का? शिंगंच अडकतील. वर शेपूट हलतंय, खाली यम लोंबकळतोय, बरं दिसतं का ते? म्हणून पेवांसाठी ही वेगळी नेमणूक. विहिरींना आणखी एक आहे म्हणतात, पण माझी त्याची ओळख नाही."

डंपरवाला साबणातून फिस्सकन हसला. दिनकरनं त्याची हनुवटी धरून सरळ केली.

"चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली असतील," मी म्हणालो. "शिवरात्रीच्या आसपासचे दिवस. ऊन चढलेलं. मी आणि नेमू. नेमगोंडा त्याचं नाव. आमची जोडी होती. एक खाली, एक दोरावर."

टपरीत चमचा पातेल्यावर वाजत होता, तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

खरं तर दोरावर दोघं लागतात. पण त्या दिवशी तिसरा गडी गाडी जुंपायला गेला होता, आणि पेढीवरून निरोपावर निरोप येत होते की भाव चढलाय, माल काढा, अजून काढला का नाही? फरशी सरकवली. आतून ऊब आली, लग्नघरातल्या हळदीच्या खोलीसारखी. कंदील सोडला. विझला. वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला.

आता शहाण्या माणसानं इथं काय करावं? भाकरी खायला जावं. आम्ही काय केलं? रॉकेलला शिव्या दिल्या. त्या साली रेशनच्या रॉकेलमध्ये पाणी यायचं. घरोघरी दिवे फडफडून विझत होते, बाया चुलीपाशी बसून दुकानदाराचं कूळ उद्धरत होत्या. पिढ्यान् पिढ्या खरं बोलत आलेला कंदील, पण त्या वर्षी रॉकेलनं त्याची पत घालवली होती.

"रॉकेल हाय रं ते, नेमू म्हणाला..." मी थांबलो. "म्हणजे, मी म्हणालो."

"कोण म्हणालं नक्की?" दिनकरनं विचारलं.

"मी रे. मीच म्हणालो. उतरणार कोण होतं? मी. दोर काखेतून घेतला, छातीवर गाठ मारली. कमरेला पंचा, पंच्याच्या गाठीत कवठ."

"कवठ? ते कशाला?"

"येईल पुढं. बसवण्णाच्या देवळामागं झाड होतं, येताना पाडलं होतं. नेमू म्हणाला, 'वर ठेव की ते, खाली कुणाला देतोस?' मी म्हटलं, 'तुझ्या भरवशावर? मी वर येईस्तोवर टरफलं राहतील.' तो हसला. मी पेवात पाय सोडले."

त्यानंतर नेमूचं हसणं डोक्यावरून वर वर गेलं, आणि तोंडाची कड खांद्यांना घासून निघून गेली. खाली गरम होतं. घामानं डोळे चुरचुरत होते. पायाला हळकुंडं लागली तेव्हा मी वर पाहिलं. पेवाचं तोंड परातीएवढं दिसत होतं. निळं, स्वच्छ, आणि त्यात नेमूचं डोकं.

"टेकलास का रं?" असा त्याचा आवाज आला. घागरीत बोलल्यासारखा.

मी 'व्हय' म्हणणार, तेवढ्यात ज्या ढिगावर मी उभा होतो त्या ढिगानं कूस बदलली.

हळद नव्हती ती. म्हणजे हळदच होती, पण पाठीवर उगवलेली. एकेक हळकुंड म्हणजे एकेक खवला, आणि असे हजारो खवले एकावर एक सरकत पेवाच्या भिंतीला वेटोळं घालत वर चढत होते. सरड्यासारखे आखूड पाय. नाकपुड्या एवढ्या मोठ्या की एकेकीत कोंबडं खुडूक बसावं. डोळे नव्हतेच. दिवे गिळणाऱ्याला डोळ्यांचं काय काम? पण खवल्यांच्या फटींतून आतला उजेड दिसत होता. त्यानं आजवर गिळलेले सगळे दिवे पोटात जळत होते. कंदील, चिमण्या, कुणाची अर्धवट ओढलेली विडी. त्यात आमचाही कंदील होता, दोन वेळा गिळलेला म्हणून दोन ठिकाणी. आणि कंदिलांच्या मधे बारीक बारीक वाती होत्या, नुसत्याच, कशातही न ठेवलेल्या. त्यातली एक थांबून थांबून, खोकल्यासारखी उसळी घेत जळत होती. मी ती ओळखली. आदल्या साली पेवात गेलेले सिद्धूकाका. दम्याचे होते.

"पाय पुसून ये, बाळ," म्हातारा म्हणाला. "हळद खराब होते."

इथं डंपरवाल्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "मराठीत बोलला?"

"मग काय चिनीत बोलेल? सांगलीजवळचा ड्रॅगन आहे. आवाज बाकी गोड होता. गावचा कुणी वडीलधारा माणूस पारावरून हाक मारतो ना, तसा. त्यानंच जास्त भीती वाटली."

मी दोराला झटका दिला. ओढ, नेमू! दोर ताठ झाला. काखेत करकचून आवळला. मी वीतभर उचलला गेलो, आणि तेवढ्यात म्हाताऱ्यानं शेपटीचा एक वेढा माझ्या कमरेभोवती टाकला. घट्ट नाही. झोपलेलं मूल आईच्या पदराला धरतं ना, तेवढाच. पण संपलं. वरून नेमू ओढतोय, खालून म्हातारा धरून बसलाय, आणि मधे मी, ना इकडं ना तिकडं, पायाखाली जमीन नाही. हात मोकळे होते, पण धरायला काही नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं तर हवा आत येईना. तोंडात नुसती हळद.

"घाई करू नकोस," म्हातारा म्हणाला. "तुझी वात घेणारच आहे मी. पण मला कंटाळा आलाय. खाली येणारा प्रत्येक जण खोटं बोलतो. एक म्हणतो माझं लग्न व्हायचंय, त्याला तीन पोरं. एक म्हणतो मी उतरलोच नाही, हे दुसऱ्याच कुणाचं तरी पेव आहे. तू एक काम कर. एक वाक्य सांग, पूर्ण खरं. सांगितलंस तर सोडतो."

दिनकर खदखदून हसला. "तात्या, मेलासा की मग!"

"तेच तर! अरे, शंभर गोष्टी सांग म्हणाला असता तर आजही सांगत बसलो असतो. आणि मागितलं काय, तर एक खरं वाक्य. माझ्याकडं!"

मी म्हणालो, "गावात माझ्यासारखा पैलवान नाही."

"खोटं," म्हातारा म्हणाला, आणि वेढा आवळला. वर पाहिलं तर पेवाचं तोंड ताटलीएवढं झालं होतं.

"मला तुझी भीती वाटत नाही."

"खोटं." तोंड वाटीएवढं. नेमूचं डोकं आता त्यात मावत नव्हतं, नुसता एक डोळा दिसत होता.

"बरं, वाटते! भीती वाटते मला!"

खवले सळसळले. "हे अर्धं खरं. पण तुला माझी नाही वाटत. वरच्याची वाटते. तो दोर सोडेल याची."

मी वर दोराकडं पाहिलं.

"दोर कुणाच्या हातात आहे?"

"नेमूच्या."

"मग ओढत का नाही?"

"ओढतोय की! तूच धरून बसलायस."

"वरच्याला तसं वाटत नाही," म्हातारा म्हणाला. "त्याला वाटतं दोर कुठं अडकलाय. थोडा वेळ ओढतात, मग दम लागतो, मग दोर खाली टाकून माणसं बोलवायला पळतात. चुकत नाहीत ते. मीही त्यांच्या जागी पळालो असतो. ते येईपर्यंत मी सावकाश जेवतो."

"हा नाही सोडणार."

"दिवा दोनदा विझलेला त्यानंही पाहिला ना?"

"पाहिला."

"मग म्हण, चूक वरच्याची. तो नाही म्हणाला असता तर तू उतरला नसतास. एवढं म्हण, मी तुला सोडतो आणि त्याला घेतो. हिशेब माझ्याकडं एकाचाच आहे. कोण, हे मला सारखंच."

माझ्यासमोरचा चहा केव्हाच गार झाला होता. मी तो पिऊन टाकला. दिनकरनं वस्तरा पुसला आणि तसाच हातात धरून राहिला. रस्त्यावरून उसाची गाडी गेली.

"मग?" डंपरवाला म्हणाला.

"मग मी म्हणालो, चूक त्याची नाही. तो नको म्हणाला असता तरी मी उतरलोच असतो. मी कुणाचं ऐकणारा नव्हतो. गावात विचारा. त्याला घेऊ नकोस. तो दोर सोडणार नाही, हातांची सालं निघाली तरी सोडणार नाही."

"आणि सोडलं?"

"कसलं सोडतोय! म्हातारा पक्का. म्हणाला, 'हे तुला कसं माहीत? तू तर खाली आहेस. वर काय चाललंय, त्यानं काय केलं नि काय नाही, ते वरच्यालाच ठाऊक. बिनसाक्षीचं वाक्य चालत नाही.'"

तोंड रुपयाएवढं झालं होतं. मग हरभऱ्याएवढं. दोर तेवढ्यातून येत होता आणि थरथरत होता, सारखा थरथरत होता. वरून काही हाका येत होत्या, पण शब्द गळून पडत होते, नुसता आवाज माझ्यापर्यंत पोचत होता. माझ्या छातीतून काहीतरी बारीक, गरम, वर सरकायला लागलं. म्हाताऱ्यानं नाकपुडी जवळ आणली. सूं.

खोटं बोलायलासुद्धा श्वास लागतो, दिनकर. तो संपला होता.

तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "हे काय टोचतंय?"

वेढा कमरेला होता ना. पंच्याची गाठ मधे आली होती.

"कवठ," मी म्हणालो.

"कवठ? इथं?"

"बायकोला. दिवस गेलेत तिला. आंबट पाहिजे म्हणतीय सारखी."

"मग चिंच न्यायची."

"चिंच नको म्हणते. कवठच पाहिजे म्हणते."

"गोड आहे की आंबट?"

"फोडल्याशिवाय कसं कळणार?"

म्हाताऱ्यानं नाकपुडी मागं घेतली. पोटातले सगळे दिवे एकदम स्थिर झाले. सिद्धूकाकांचासुद्धा. तो म्हणाला, "हे खरं आहे."

वेढा सैल झाला.

"इतकी माणसं आली," तो म्हणाला, "पण येताना कवठ कुणी आणलं नाही. जा. ने ते. पण एक कर. फोडलंस की मला सांगून जा, गोड निघालं की आंबट. मला चैन पडणार नाही."

"आणि त्यानं शेपटी वर केली," मी म्हणालो. "मी दोन्ही हातांनी धरली. असं भिरकावलं त्यानं मला, की माझे तळवे त्या खवल्यांवरून शेवटपर्यंत सोलत गेले. तेच हे. बाटलीचं बूच उडावं तसा मी पेवातून बाहेर! नेमू पाठीवर पडला, मी त्याच्यावर. दोघंही पिवळेधमक. तो म्हणतो, 'मेल्या, किती वेळ लावलास? नवरदेव झालायस नुसता!' हसून हसून आम्हाला उठता येईना. तिसरा गडी गाडी घेऊन आला, त्याला वाटलं आम्ही हळद खेळलो. मग घरी गेलो, आणि कवठ बायकोच्या हातात दिलं."

मी मान मागं टाकून हसलो. नेहमी गोष्टीच्या शेवटी हसतो तसा.

"आता पाहुणे मुरूम टाकणार. म्हातारा तिकडं वाट बघत असेल, गोड की आंबट म्हणून. त्याला कुणी सांगितलंच नाही. आज दुपारनंतर सांगायचीही सोय नाही. एवढंच राहिलं बघ."

दिनकरनं कपाळाला हात लावला, मग वस्तराच माझ्याकडं रोखला.

"सापडलासा, तात्या! सापडलासा! बायकोच्या हातात दिलं? कुठली बायको? तुमचं लगीन कधी झालं वो?"

डंपरवाला एवढा हसला की साबणाचा एक गोळा ड्रॅगनच्या डोळ्यात जाऊन पडला. "जन्मभर बिनलग्नाचं का?" तो म्हणाला.

"जन्मभर! आख्खं गाव सांगंल. पोट धरून ऐकतोय मी मघापासनं, आणि शेवटाला लगीनच खोटं!"

"अरे हो," मी म्हणालो. "ते राहिलंच. लग्न राहिलं." मीही त्यांच्यात हसत होतो.

पद्मा टपरीतून बाहेर आली. हात पदराला पुसले. दिनकरला वाटलं ती कप न्यायला आली. तिनं कपाला हात लावला नाही. माझा उजवा हात उचलला, उलटा केला, आणि त्या गुळगुळीत कातडीवरून अंगठा फिरवला.

"दिनकर, हसू नगंस," ती म्हणाली. "लग्नाचं खोटं न्हवं. खोटं दुसरंच हाय."

दिनकर हसायचा थांबला.

"खाली उतरणाऱ्याला दोर काखंत बांधत्यात. मग वळ काखंत उठंल, का तळव्याला? माझ्या आईनं अण्णांना शेवटची आंघोळ घातली तवा बघितलंय. दोन्ही काखंत दोर रुतल्याचं काळं वळ हुतं. तळवं साफ. नुसतं हळदीनं पिवळं. असली सोललेली हातं दोर वर ओढणाऱ्याची असत्यात."

तिनं माझा हात सोडला नाही.

"खाली माझं अण्णा हुतं, तुमचा नेमू. तुम्ही वर हुतासा, तात्या. आणि तुम्ही दोर सोडला न्हाई. तिसरा गडी आला तवा बी सोडत न्हवतासा, बोटं उकलावी लागली तुमची. ते आईला त्यानंच सांगितलं."

डंपरवाल्यानं गळ्यातलं कापड हळूच काढून मांडीवर ठेवलं. मी आधी श्वास ओढून घेतला. बोलायला श्वास लागतो.

"आणि कवठ?" मी विचारलं.

"कवठ खरं. तुम्हीच पंच्यातनं सोडून आईला आणून दिलंसा. तिनं लई दिवस फोडलं न्हाई, देवळीत ठेवलं. मग एक दिवस फोडलं, माझ्यासाठी म्हणून." तिनं पदर खांद्यावर घेतला आणि मळ्याच्या कडेला, पेवाकडं पाहिलं. "जावा, सांगून या त्या म्हाताऱ्याला. गाडी थांबंल तेवढी. म्हणावं, गोड निघालं. गूळसुद्धा घालावा लागला न्हाई."